अर्जातले अलंकार

अलंकारांचा धडा मी तीस वर्षं शिकवला आणि तीसही वर्षं अतिशयोक्ती शेवटी ठेवली. पुस्तकात ती कुठेही असो, मी आधी उपमा घ्यायची, मग उत्प्रेक्षा, रूपक असं करत करत जायची आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की अतिशयोक्ती उरकायची. "आहे त्यापेक्षा गोष्ट खूप फुगवून सांगितली की अतिशयोक्ती," एवढं म्हणून फळा पुसायला घ्यायची. रोह्याच्या त्या शाळेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलांना काय, धडा लवकर संपला की बरंच.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा नववीतल्या एका मुलीनं मला अडवलं. मी डस्टर उचललं तोच तिनं हात वर केला.

"मॅडम, अतिशयोक्ती म्हणजे खोटं बोलणंच ना?"

वर्ग हसला. मी म्हटलं, नाही. खोटं बोलणाऱ्याला वाटत असतं की समोरच्यानं फसावं. अतिशयोक्ती करणाऱ्याला वाटत असतं की आपण फुगवून सांगतोय हे समोरच्याला कळावं. दोघांनाही ते ठाऊक असतं, म्हणून तर त्यात गंमत येते.

"आणि समोरच्याला नाही कळलं तर?"

मी तिला "खाली बस" म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असेन, कारण पुढच्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न चांगला होता आणि चांगल्या प्रश्नावर ओरडणाऱ्या बाईंचा मला स्वतःलाच राग येतो. तास सुटला, शाळा सुटली, मी घरी निघाले. चाळीस वर्षं जे बोलले नव्हते ते आज बाबांना सांगून टाकायचं, असं मी त्या रस्त्यात ठरवलं.

आता ते काय, हे सांगायचं तर मागं जावं लागेल.

मी पेणच्या खाडीकडच्या एका गावातली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. आमची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर. मध्ये मातीचा लांबच लांब बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बांधात जागोजाग लाकडी फळ्यांची दारं, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार बंद ठेवून खाडीचं खारं पाणी अडवायचं. एवढ्या एका व्यवस्थेवर गाव भात खात होतं. बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड जाणं म्हणतात, आणि खांड गेली की शेतात मीठ शिरतं. मग तीन-चार वर्षं त्या जमिनीत दाणा धरत नाही.

बाबा दिवाळीनंतर मिठागरावर कामाला जायचे, पावसाळ्यात आमच्या दोन तुकड्यांत भात लावायचे आणि बारा महिने बाहेरकाठ्यावर फिरायचे. हे फिरण्याचं काम त्यांना गावकीनं सांगितलं होतं, त्यांच्या आधी आजोबांना. हातात एक काठी असायची. ती मातीत खुपसायची, बाहेर काढायची, टोकाला किती ओल लागली ते बोटानं बघायचं. अंतर पावलांनी मोजायचं. बाबा शाळेत गेले नव्हते, पण पावलांत त्यांची चूक कधी झाली नाही. सांगायचे तेही तसंच, कुठे, किती आणि कधीपासून. चौथा शब्द विचारला तर म्हणायचे, "जाऊन बघ."

पूर्वी काठा पाझरायला लागला की घरटी एक माणूस जायचा. दोन भरत्यांच्या मधल्या वेळात चिखल आणि भाताचा पेंढा थापून काम व्हायचं. मी दहावीत गेले त्याच्या आसपास काठे सरकारकडे गेले. पेणमध्ये त्यासाठी कचेरी होती. आता दगडाचं पक्कं काम होईल, तुम्ही फक्त अर्ज करा, असं साहेब येऊन सांगून गेले. गावाला आनंदच झाला. चिखलात उतरायची हौस कुणाला असते?

मी शाळेला पेणला जायची. काठ्यावरून चालत सडकेपर्यंत, तिथून एस.टी.नं पेणच्या रामवाडी स्थानकापर्यंत, पुढे पायी. वर्गातल्या पेणच्या मुली माझ्या पायांकडे बघायच्या, कारण किती धुतले तरी घोट्यांवर खाडीच्या चिखलाची राखाडी रेघ राहायची. माझ्या "नाय-व्हय"ला त्या हसायच्या. मी दोन महिन्यांत "नाही" आणि "हो" शिकले. घरी आल्यावरही चुकून "हो" म्हटलं की आई म्हणायची, "आयली मोठी पेनवाली!"

मराठीचे सर घाटावरचे होते. फार जीव लावून शिकवायचे. उपमेय म्हणजे जिच्याबद्दल बोलायचं ती वस्तू, उपमान म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती. मुख उपमेय, चंद्र उपमान. मला हे आधी पटेना. आमच्या गावात चंद्राचा संबंध कुणाच्या तोंडाशी नव्हता, भरतीशी होता. पुनव जवळ आली की माणसं चंद्राकडे बघून कपाळाला आठ्या घालायची. पण सर म्हणाले, मुख चंद्रासारखं म्हणजे उपमा, मुख जणू चंद्रच म्हणजे उत्प्रेक्षा आणि मुखचंद्र म्हटलं की रूपक. तीच गोष्ट, पण दर वेळी एक पायरी चढलेली. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. नुसत्या शब्दांनी वस्तू बदलता येते! निर्जीव गोष्टीला माणसासारखं वागायला लावलं की चेतनगुणोक्ती. मग मी उघाडीला बोलायला लावलं, मिठाच्या राशींना रडायला लावलं. निबंधात लिहिलेलं सर वर्गात वाचून दाखवू लागले. हसणाऱ्या मुली माझी वही मागू लागल्या. मी शेफारले, दुसरा शब्द नाही.

एका अलंकारापाशी मात्र मी अडले. स्वभावोक्ती. सर म्हणाले, एखाद्या गोष्टीचं हुबेहूब, जसंच्या तसं वर्णन करायचं, पण ते असं नेमकं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती वस्तू उभी राहावी. मी विचारलं, "सर, जसंच्या तसं सांगितलं तर त्यात अलंकार कुठे आला?" सर हसले. म्हणाले, "तो सगळ्यात अवघड आहे. पण परीक्षेला क्वचित येतो, वाचून ठेवा." मी वाचूनसुद्धा ठेवला नाही.

अकरावीच्या वर्षी आषाढातल्या उधाणानंतर बाबा काठ्यावरून आले आणि गावकीला म्हणाले की अर्ज करायला हवा. लिहायचा कुणी? आतापर्यंत पेणला जाऊन कुणाकडून तरी लिहून आणायचे. या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गावातली अकरावीपर्यंत गेलेली मी एकटी.

बाबा पडवीत बसून सांगू लागले आणि मी एका कागदावर उतरवून घेतलं.

"मोठ्या उघाडीपाशी खाडीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा. उजव्या हाताला चालीस पावलां जायचा. तिथना पुढं सात पावलां काठा पाझरतंय. चिंबोऱ्यांची बिलां चौदा. उघाडीच्या तीन फल्या कुजल्यान. आषाढाच्या अवसेपासना."

मी म्हटलं, "आणि?"

"आनी काय? इतकाच हाय."

मला त्या कागदाची लाज वाटली. सरकारला लिहायचं आणि त्यात खेकड्यांची बिळं मोजायची? चौदा बिळं! साहेब हसेल. पेणच्या मुली हसल्या होत्या तसा हसेल. मी चांगला फुलस्केप कागद घेतला आणि दोन दिवस बसून अर्ज लिहिला. आमचा काठा म्हणजे जणू वाकलेल्या पाठीचा म्हातारा बापच, तो किती काळ लेकरांना पाठीशी घालणार? समुद्र सहस्र जिभांनी आमची शेतं चाटतो आहे. आमच्या अश्रूंमुळेच तर ही खाडी खारट झाली नसेल ना? असं पाऊण पान. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती, सगळे एकेकदा येऊन गेले होते. अतिशयोक्तीला तर मी मोकळंच सोडलं होतं. उघाडी, पावलं, बिळं, फळ्या यांतलं काहीही त्यात नव्हतं. चुकून राहिलं असं नाही. मी ते काढून टाकलं होतं, कारण ते वाचायला रुक्ष लागत होतं.

आमच्या गावकीची एक रीत होती. कुठलाही कागद सरकारदरबारी जाण्याआधी देवळात सगळ्यांसमोर वाचायचा, कुणाला काही बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायचं आणि मग कागदापुढं नारळ फोडायचा. नारळ फुटला की त्यातली कानामात्रा बदलायची नाही. संध्याकाळी देवळात मी तो अर्ज वाचला. माझा आवाज त्या वेळी चांगला होता. अश्रू आणि खाडीच्या वाक्याला म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक आजोबा म्हणाले, "परत वाच गो ता, जिभांचा." मी परत वाचलं. गावकीच्या प्रमुखांनी विचारलं, "कुनाला काय बोलायचा हाय काय?" मी बाबांकडे बघितलं. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली नाही आणि तोंडही उघडलं नाही. नारळ फुटला, अंगठे उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे कचेरीत गेलो. कारकुनानं अर्ज उभ्या उभ्या वाचला, शेजारच्याला बोलावलं आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. दोघे हसले. चेष्टेनं नाही, कौतुकानं. "कुणी लिहिलाय? हिनं? वा! निबंधात पैकीच्या पैकी मिळतील हो तुला." आमच्या माणसांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिक्का मारून घेतला आणि परत येताना त्यांनी मला भजी खाऊ घातली.

श्रावणात काठा जास्त पाझरू लागला. बाबांनी गावकीत विषय काढला की सरकारची वाट न बघता आपण चिखल टाकू या. पण अर्ज गेला होता ना! आणि कसा अर्ज! गावकी म्हणाली, आता साहेब येणारच, आणि आपण आधीच चिखल थापून ठेवला तर तो म्हणेल, तुमचं काम तर झालंय. जरा कळ काढा. बाबा गप्प बसले. गावकीनं नाही म्हटल्यावर एकट्यानं काठ्याला हात लावायचा नाही, ही पण रीतच.

भादव्यात गणपती गेले. पितृपंधरवडा सुरू झाला. सर्वपित्री अवसेच्या चार दिवस आधी मी शाळेतून येत असताना पोस्टमन मला सडकेवर भेटला. "तुमच्या गावकीचं सरकारी पत्र आहे, तुझ्याकडेच देतो. नाहीतरी वाचणार तूच." मी तिथंच, सडकेच्या कडेला, ते उघडलं. टंकलिखित, अर्धाच कागद. अर्जात बांधाचे नेमके ठिकाण, पाझराची लांबी व पाझर कधीपासून आहे याचा उल्लेख नाही. सदर वर्णन अतिशयोक्त वाटते. तरी वरील तपशिलासह पुन्हा अर्ज करावा, म्हणजे पाहणीचा विचार करता येईल.

'अतिशयोक्त' हा शब्द वाचला आणि माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मी वर्गात पहिली होते. अतिशयोक्ती कशाला म्हणतात हे मला विचारा, असं वाटलं. संताप आला, मग रडू आलं, मग भीती वाटली की हे आता देवळात सगळ्यांसमोर मलाच वाचावं लागणार. ज्या आजोबांनी परत वाच म्हटलं होतं त्यांच्यासमोर. मी पत्राची घडी केली आणि व्याकरणाच्या पुस्तकात ठेवली. सहामाही परीक्षा तोंडावर होती. ती झाली की गुपचूप नवा अर्ज लिहीन, कुणाला कळणारही नाही, असं मनाशी ठरवलं. बाबांनी त्या संध्याकाळी जेवताना विचारलं, "कचेरीचा काय आयला काय गो?" मी म्हटलं, "नाही." घरात 'नाय' म्हणायचं विसरूनच गेले होते.

अवसेला दुपारी भरतीच्या वेळी खांड गेली. मी शाळेत इतिहासाचा पेपर लिहीत होते. संध्याकाळी सडकेवर उतरले तर रोजची वाट नव्हती. भातानं नुकती पोटरी धरली होती, ती सगळी शेतं पाण्याखाली. मोठ्या उघाडीच्या उजव्या हाताला काठा नव्हताच, तिथून खाडी आत येत होती. माणसं गावाच्या बाजूला उभी होती. कुणी ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. समुद्राला सहस्र जिभा वगैरे काही दिसल्या नाहीत. गढूळ पाणी होतं आणि ते आत जात होतं.

आठ दिवसांत भात तांबूस झालं आणि सडलं. पुढची तीन वर्षं काही पिकलं नाही. बायका हमरापूरला गणपतींच्या कारखान्यांत रंगकामाला जाऊ लागल्या. पुरुष लांबच्या मिठागरांवर गेले. रोह्याला कंपन्या आल्या होत्या. बाबांना तिथं गेटवर काम मिळालं आणि आम्ही गाव सोडलं. काठ्यावर चालणारा माणूस बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये एका स्टुलावर बसून गाड्यांची ये-जा बघू लागला. त्याच नोकरीवर त्यांनी मला बी.ए. केलं, बी.एड. केलं.

आणि गावानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. उलट कुणाच्या लग्नाला गावात गेले की बायका सुनांना दाखवायच्या, "ही आपली अर्जवाली. असा लिवलेला हिनं, ऐकून रडाया यायचा. पन सरकारला पाझर फुटला नाय." सगळा दोष त्यांनी सरकारवर टाकला होता आणि मी तो तिथंच राहू दिला. एकदा एका आजीनं मला मांडवात बसवून त्या ओळी म्हणायला लावल्या. मी म्हटल्या. आजही ती आठवण आली की अंगाची आग होते.

तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आले. बाबांनी तोवर ऐंशी ओलांडली होती. पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. ते खिडकीपाशी खाटेवर बसले होते. मी चहा केला, त्यांच्या हातात कप दिला आणि समोर बसले.

"बाबा, तुम्ही सांगितलेलं मी त्या अर्जात लिहिलंच नव्हतं. पावलं, बिळं, फळ्या, काहीच नव्हतं."

"माहीत हाय मना," ते म्हणाले. "देवलात वाचलास तवाच कललेला. मी लिवाया शिकलो नाय, आयकाया येतंय."

चाळीस वर्षं मी जे लपवत होते ते त्यांना पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

"मग बोलला का नाही? प्रमुखांनी विचारलं होतं, कुणाला काही बोलायचंय का म्हणून."

बाबांनी कप खाली ठेवला. "सगली रडत व्हती. लोकां सांगत व्हती, बघा, याची पोर. मना बरा वाटला." मग म्हणाले, "बोलाया पायजे व्हता. माझा काम व्हता ता. नारल फुटंपरत येल व्हता. नाय बोललो."

ते खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांची इतकी माया आली की तिथंच थांबावं असं वाटलं. निम्मी चूक त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि त्यांना वाटत होतं, गोष्ट एवढीच आहे. मी गप्प राहिले असते तर ते तसंच समजून गेले असते. पण वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न कानात होता. समोरच्याला नाही कळलं तर?

मी आतून व्याकरणाचं जुनं पुस्तक आणलं. त्यात ठेवलेला तो अर्धा कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटत आला होता.

"कचेरीचं पत्र आलं होतं बाबा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. ते आलं होतं."

त्यांनी कागदाकडे बघितलं. हात लावला नाही.

"कवा आयलेला?"

"अवसेच्या चार दिवस आधी."

ते हिशेब करायला लागले. मी त्यांना ओळखते, त्यांचे ओठ हलतात. बोटांची पेरं मोजतात. मला वाटत होतं की ते म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. बाप म्हणतात तसं. मी त्याच आशेनं बसले होते, खोटं कशाला बोलू.

"चार दिस," ते म्हणाले. "म्हंजी आठ ओहोट्या. रातीच्या सोडून दिसाच्या चार धरू. सरकार येत नाय असा कलला असता तं गावकी उठली असती. बारा मानसां, पेंढा घरात व्हता. सात पावलांचा काम." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय. झाला असता."

बस, एवढंच. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. काठी मातीतून काढून टोक बघावं आणि किती ओल ते सांगावं, तसं सांगितलं. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. चहा निवला होता, तरी तो त्यांनी संपवला.

मग म्हणाले, "वाच."

"काय?"

"ता पत्र. गावकीचा हाय ना? वाच."

मी वाचलं. नेमके ठिकाण, पाझराची लांबी, कधीपासून. अतिशयोक्त या शब्दापाशी मी थांबले, मग तोही वाचला. बाबांनी आणखी एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते आणि एकेका मुद्द्याला मान हलवत होते.

"चांगला लिवलाय," ते म्हणाले. "कुठं, किती, कवापासना. सगला इचारलाय त्यानं."

मी पत्राची परत घडी करायला घेतली.

"त्याला जबाब गेला नाय ना?"

"नाही."

"मग लिव."

मला वाटलं, वयानं त्यांचा गोंधळ झालाय. मी म्हटलं, "बाबा, आता कुणाला पाठवायचं? ती शेतं तशी राहिली नाहीत, तो काठा—"

"लिव तू."

मी टेबलावरचं लाल पेन उचललं, वह्या तपासायचं. जवळ दुसरं नव्हतं. त्या अर्ध्या कागदाची मागची बाजू कोरी होती. ती मी गुडघ्यावर पुस्तक ठेवून त्यावर पसरली. बाबा खिडकीकडे तोंड करून सरळ बसले आणि सांगू लागले. मोठ्या उघाडीपाशी खाडीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा. उजव्या हाताला चालीस पावलां. तिथना पुढं सात पावलां काठा पाझरतंय. मी ते जसं बोलत होते तसं लिहीत गेले, एकही शब्द सुधारला नाही.

"चिंबोऱ्यांची बिलां," ते म्हणाले आणि माझ्या हाताकडे बघत थांबले.

"चौदा," मी म्हटलं, आणि लिहिलं.